आधी मोजमाप, मग आरती

अख्ख्या डिचोली तालुक्यात आमच्या शेजाऱ्याइतका वेळ वाचवणारा माणूस नाही, आणि त्या कामात त्याच्याइतका वेळ घालवणाराही दुसरा नाही. मुलांनो, हा समोरच्या मावशींचा मुलगा. बेंगळुरूची नोकरी तो आता मुळगावातल्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर बसून करतो. मंद चालणारे प्रोग्रॅम कुठे अडतात ते शोधून त्यांना पळायला लावायचं, हे त्याचं काम. त्यासाठी एआय सहायकाला तो ‘स्किल’ लिहून देतो. स्किल म्हणजे कामाची रीत एकदाच नीट लिहून ठेवायची, म्हणजे दर वेळी नव्यानं शिकवायला नको. त्याच्या स्किलमध्ये दोन नियम ठळक आहेत: मोजल्याशिवाय काही सुचवायचं नाही, आणि एका वेळी एकच बदल करायचा.

हे नियम संगणकापुरते राहिले असते तर त्याची बायको सुखी झाली असती. एकदा तिनं माशांच्या हुमणात मीठ आणि आंबटाची सोलं एकदमच घातली. हा पानावरून उठला. “आता चव कशानं सुधारली ते कळणार कसं?” ती म्हणाली, “तुमी जेवात मरे! सुधारली न्हय?” सकाळी पाववाला पोदेर हॉर्न वाजवत आला, की हा फोनवर वेळ लावतो. पाव हातात पडेपर्यंत किती वेळ गेला ते त्याला कळतं, आणि चहा निवतो.

पण एका गोष्टीनं तो खरोखर कष्टी व्हायचा. चवथीला, म्हणजे गणपतीत, आमच्या वाड्यावर घरोघर आरती फिरते. क्रम पूर्वापार ठरलेला, आणि त्याचं घर शेवटचं. मावशी अंथरुणाला खिळल्यापासून आरती पोचेपर्यंत त्यांना झोप लागायची. सकाळी त्या विचारायच्या, “रे, आरती येवन गेली?”

उशिराबद्दल त्याचा संशय घुमट हे मातीचं वाद्य वाजवणाऱ्या घुमटवाल्यावर होता. ठेका आटोपता घे म्हटल्यावर घुमटवाला भडकला, “मग तुझ्या त्या एआयकडनंच वाजवून घे!” यानं खरंच एआयला विचारलं, आरती लवकर कशी पोचवू? उत्तर आलं, “आधी मोजमाप द्या. अंदाजावरून काही सुचवता येणार नाही.” तो माझ्याकडे तणतणत आला. “काकी, माझंच स्किल मलाच शिकवतंय!” चेहरा मात्र मुलाचा पहिला नंबर आल्यासारखा फुलला होता.

चवथीच्या पहिल्या संध्याकाळी तो टाळ सोडून फोन धरून फिरला. घुमटवाला निर्दोष सुटला. वेळ खात होत्या चपला! दर घराच्या पायऱ्यांवर सगळ्यांच्या काळ्या रबरी चपलांचा ढीग. काळोखात कुणी दुसऱ्याची घालून पुढे जायचा, आणि मालक बॅटरी घेऊन शोधत बसायचा.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं: चपला घरीच ठेवा. कुणी म्हणालं, मग छत्र्याही ठेवू या. “नाही! एका वेळी एकच बदल!” तो ओरडला. तिसऱ्याच घरापाशी पाऊस कोसळला आणि त्याची अक्कल वाड्याला प्रथमच पटली. अनवाणी, चिखलानं माखलेले आम्ही त्याच्या दारात पोचलो तेव्हा मावशी उशीला टेकून जाग्या होत्या. एवढ्या लवकर आम्हाला पाहून म्हणाल्या, “आयज इतले बेगीन? बसात. आनीक एक म्हणात.”

आणखी एक आरती झाली, मग दुसरी झाली. वाचवलेला सगळा वेळ तिथेच संपला, वर थोडा उधारीचाही गेला. मी पाहिलं, त्यानं फोन खिशात टाकला होता आणि तो टाळ वाजवत होता, तोही बेतालच.

यंदा मावशी नाहीत. सुतकाचं वर्ष म्हणून त्याच्याकडे गणपती नव्हता. तरी चपला सगळ्यांनी घरीच ठेवल्या. शेवटची आरती आमच्याकडे झाली, लवकरच आटोपली. मंडळी उठायला लागली तर हा बाहेर पायरीवर बसलेला. मला वाटलं, वेळ विचारील. आत न बघताच तो म्हणाला, “बसात. आनीक एक म्हणात.”