किल्लीमामा आणि फणसाची फांदी

किल्लीमामांकडे ट्रॅक्टर घेऊन गेलं की ते "या" म्हणत नसत आणि "बसा"ही म्हणत नसत. ते नुसता तळहात पुढे करत. इंजिन बंद करून, खाली उतरून, त्या काळ्या तळहातावर किल्ली ठेवली की ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जायची आणि मगच तोंडातून पहिला शब्द निघायचा. खरं नाव काळूराम, पण टोकावड्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत त्यांना त्या नावाने कोणी हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्यांचं पंक्चरचं दुकान टोकावड्याला एस.टी. थांब्याच्या बाजूला होतं. चार पत्रे, एक हवेची टाकी आणि बाहेर रचून ठेवलेले जुने टायर. त्या टायरांवर बसून लोक एस.टी.ची वाट बघायचे, पेपर वाचायचे, आणि मामा हवा भरायला लागले की नेमके मान वाकवून बघायला समोर यायचे. मामांची हवेची नळी चांगली दोन माणसांएवढी लांब होती. नळी लावून ते स्वतः टायरच्या बाजूला, लांब जाऊन उभे राहत. टायरच्या समोर उभं राहणाऱ्याला ते हाताने नव्हे, शब्दाने ढकलत. "उठा रे समोरून. टायर फुटला तर तो तुमची वळख इचारनार नाय."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमचा मिनी ट्रॅक्टर घरात येऊन महिना झाला होता. नवरा मुरबाडला कारखान्यात, पाळ्या बदलत्या. दीर शहापूरला नोकरीला, तो रविवारी उगवणार. म्हणजे आमच्या वैशाखरे गावातली भातशेती माझ्या आणि सासूबाईंच्या गळ्यात. मी सरळ ट्रॅक्टर शिकले. टोकावड्याच्या रस्त्यावर मी ट्रॅक्टर उभा केला तर टायरांवर बसलेले चार जण माझ्या मागे बघत होते, खरा चालवणारा कुठून उतरतो ते. मामांनी मात्र "मालक कुठंय" असं विचारलं नाही. त्यांनी हात पुढे केला, तो माझ्यापुढे. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की किल्ली द्यायची असते हे कळायलाही वेळ लागला.

चाक खोलायचं असेल तर मामांची पूजाच चालायची. आधी सपाट जागा. मग दुसऱ्या चाकांना पुढून-मागून सागाचे ठोकळे. मग जॅक, आणि जॅकवर भरवसा नाही म्हणून खाली आणखी लाकडी ओंडका. नट आवळतानाही एका ओळीने नाही, समोरासमोरचे. एकदा मी म्हटलं, मामा, एवढ्यात माझी भाजी झाली असती. ते म्हणाले की भाजी करपली तर दुसरी करता येते, आणि पुन्हा ओंडका हलतो का ते पायाने बघायला लागले.

पण त्यांचा खरा जीव होता तो ट्रॅक्टरच्या कमानीवर. सीटच्या मागे ती लोखंडी कमान असते ना, ट्रॅक्टर उलटला तर चालवणारा खाली चिरडला जाऊ नये म्हणून, ती. आमच्याकडे तिचा उपयोग छत्री अडकवायला, पाण्याचा कॅन टांगायला आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालायला होतो. कुठे आडवी आली की पिन काढून ती मागे पाडायची आणि मग पाडलेलीच ठेवायची, ही गावाची रीत. मामा पाडलेली कमान बघून किल्ली परतच देत नसत. सीटच्या पट्ट्याने बांधलेला माणूस कमानीशिवाय ट्रॅक्टरखालीच अडकतो, म्हणून त्यांचा नियम होता, मला अजून पाठ आहे. "कमान वर, तर पट्टा लाव. कमान खाली, तर पट्टा नको आनि तू पन नको."

या हट्टामागचं कारण ते कधी बोलले नाहीत. ते मामींनी सांगितलं. तरुणपणी त्यांचा कामातला जोडीदार बांधावरून ट्रॅक्टरसकट उलटा पडला. वीस माणसं जमली, सगळी ओरडत होती, आणि वर झालेली चाकं फिरतच होती, कारण इंजिन बंद करायचं कोणाला सुचलं नाही. मामा धावत पोचेपर्यंत उशीर झाला होता.

आमच्या घरात कमान पाडलेली असायची ती फणसामुळे. गोठ्याकडून शेतात उतरणाऱ्या वाटेवर फणसाची एक जाड फांदी आडवी आली होती आणि तिच्यावर त्या ज्येष्ठात पाच फणस लटकत होते. फळाला आलेली फांदी तोडायची नाही, हा सासूबाईंचा कायदा. त्या फांदीखालून जाताना मी कमान पाडायचे, आणि पुढे शेतात ती परत उभी करायचा कंटाळा करायचे. मामांनी एकदा विचारलं तेव्हा मी सगळं खापर सासूबाईंवर फोडून मोकळी झाले.

दोन दिवसांनी मामा आमच्या अंगणात हजर. दुकान बंद ठेवून, एस.टी.ने. पाणी प्याले, चहा प्याले, भाताच्या रोपांची चौकशी केली. मग खिशातून सुतळी काढून फांदीची उंची मोजली आणि ओट्यावर सासूबाईंच्या शेजारी येऊन बसले. सासूबाई आधीच सांगून मोकळ्या झाल्या की पिकल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही. मामांनी वाद घातला नाही. सुतळी गुंडाळून खिशात ठेवली आणि हळूच म्हणाले, "काकू, फनस फुडल्या वर्साला परत येतो गो."

एवढंच. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग आत गेल्या आणि कोयता घेऊन आल्या. ते पाच कच्चे फणस आम्ही आठवडाभर भाजी करून खाल्ले, शेजाऱ्यांना खाऊ घातले, आणि सासूबाई प्रत्येक घासाला मामांचं नाव घेऊन कुरकुरल्या.

आषाढात लावणीआधीची चिखलणी सुरू झाली. कमान आता वरच असायची. आता यातली माझी चूक सांगायलाच हवी. मागच्या डाव्या टायरची हवा हळूहळू जात होती आणि ते मला ठाऊक होतं. टोकावड्याला जाण्यात अर्धा दिवस जाईल म्हणून मी रोज सकाळी पायाने दाबून बघायचे, बरा आहे म्हणायचे आणि कामाला लागायचे. तिसऱ्या दिवशी वरच्या खाचरातून बाहेर निघताना डाव्या चाकाखालचा बांध ढासळला. ते चाक आधीच बसलेलं, ट्रॅक्टर त्याच अंगाला कलला आणि कलतच गेला. खाली कंबरभर खोल दुसरं खाचर. मला फक्त लोखंड चिखलात रुतल्याचा आवाज आठवतो. कमान टेकली आणि ट्रॅक्टर आडवाच थांबला. मी पट्ट्यात लटकत होते. पहिल्यांदा हात गेला तो किल्लीवर.

बातमी टोकावड्याला माझ्या निरोपाआधीच पोचली. मामा आले तेव्हा मी बांधावर बसले होते, डोक्यापासून पायापर्यंत चिखल, एक ओरखडा सोडला तर धड. सासूबाई माझा दंड घट्ट धरून बसल्या होत्या. मामांनी सवयीने हात पुढे केला. मी मूठ उघडली. किल्ली धरून धरून तळव्यावर वळ उठला होता. मामांनी किल्ली घेतली, टायर बघितला, आणि ओरडतील असं वाटलं तर खाली बसून डोळे पुसले. मग म्हणाले, "हवा पायानं नाय मोजत गो पोरी."

कमान वाकली होती. दिराचं म्हणणं, मुरबाडला वेल्डिंगवाल्याकडून ठोकून सरळ करून घेऊ, चिखलणी अर्धी राहिली आहे. मामांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. एकदा मार खाल्लेली कमान दुसऱ्यांदा वाचवेल याचा भरवसा नाही, ती ठोकायची नाही, भोकं पाडायची नाहीत, बदलायची. नवी कमान यायला बारा दिवस लागले. तेवढे दिवस किल्ली मामांच्या खिशात होती आणि आमची उरलेली चिखलणी शेजाऱ्यांच्या बैलांनी झाली. दीर रुसला. जुनी कमान सासूबाईंनी परसात उभी पुरून घेतली आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला. तेव्हापासून मोसमाचा पहिला फणस त्यांनी टोकावड्याला पाठवायचा चुकवला नाही.

गेल्या वर्षी मामांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. दुकान बंद करून ते आणि मामी खर्डीला लेकीकडे राहायला गेले. टोकावड्याच्या त्या जागेवर आता मोबाईलचं दुकान आहे. तिथून जाताना ट्रॅक्टरचा वेग अजून आपोआप कमी होतो आणि मला करमत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

यंदा भाताची झोडणी आटोपल्यावर त्यांना भेटायला गेले. मुरबाड, शहापूर आणि तिथून रिक्षा. पिशवीत नवे तांदूळ, सासूबाईंनी डब्यात जपलेल्या फणसपोळ्या. मामा ओसरीत खुर्चीवर बसले होते. मला बघून हसले आणि गंमत म्हणून तळहात पुढे केला. ट्रॅक्टर पन्नास किलोमीटर मागे उभा होता. मी पर्समधून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

मामांचं हसू थांबलं. कमान कुठे आहे, त्यांनी विचारलं.

"खाली," मी म्हणाले. "काल भावोजींनी पेंढा आत घ्यायला पाडली आणि पिन हरवली. मी नसताना कोणी चालवायला नको, म्हणून किल्ली घेऊन आले."

मामांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली, खिसा वरून दाबून बघितला आणि आत आवाज देऊन लेकीला माझंही पान वाढायला सांगितलं. जेवणं झाली. मामींशी गप्पा झाल्या, फणसपोळीचे तुकडे झाले. उन्हं कलली तसं मी निघते म्हटलं. मामा काठी टेकत उठले, कपाटातून एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून कमानीची पिन शोधून काढली, क्लिपसकट, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेली.

"तुज्या नव्या कमानीसंगती दोन जास्तीच्या मागवल्या व्हत्या," ते म्हणाले. "तुमी हरवनार, म्हायत व्हतं."

मग सुतळीचा तुकडा घेऊन त्यांनी पिन आणि किल्ली एकत्र बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि माझ्या हातात दिली.