पेडणेकरांनी धुतलेले यंत्र

वसंत पेडणेकर गेल्याचे मला त्यांच्या मुलीने, मीनलने, फोनवरून कळवले. "काका, बाबा गेले... आज सकाळी," एवढेच ती मराठीत म्हणाली, पुढचे सारे इंग्रजीत. कुवेतमध्ये वाढलेली मुलगी, दुःखही त्याच भाषेत सांगणार. मी ऐकून घेतले आणि फोन ठेवला. त्याला आता पाच आठवडे झाले. या काळात पेडणेकरांचे काही गोड आठवावे, असा प्रयत्न मी केला. आठवला तो त्यांनी मला आणलेला वैताग, आणि तोही हॉटडॉग भाजण्याच्या एका यंत्रापायी.

पेडणेकर मूळचे वेंगुर्ल्याचे. कुवेतमधील एका इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करण्याच्या विभागात ते तंत्रज्ञ होते. मी एका बांधकाम कंपनीत भांडारप्रमुख. तिथल्या अबू हलीफा वस्तीत आम्ही एकाच इमारतीत राहत असू. ऐंशीच्या दशकाचा आरंभ असावा. मुलांच्या शाळेच्या क्रीडादिनी आम्हा मराठी पालकांचा खाण्याचा एक स्टॉल असे आणि त्याचा प्रमुख मी. एका वर्षी आम्ही दहीवडे ठेवले. टेबलांची मांडणी माझ्या मनासारखी होईपर्यंत पातेली मी उन्हात थांबवून ठेवली. बायकांनी टोकले, मी ऐकले नाही. काही मुले आजारी पडली. आठ वर्षांची मीनल तीन दिवस इस्पितळात होती. दोष माझा होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. पेडणेकर त्याविषयी मला एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही त्यांची माफी मागितली नाही.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी मला बोलावून बजावले की, पदार्थ गरम हवा, गिऱ्हाइकासमोर शिजवलेला हवा, आणि एक जरी तक्रार आली तरी स्टॉल कायमचा बंद. मुलांनी एकमुखाने हॉटडॉग मागितले. यंत्र निवडायला मी सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, निघालो, तेव्हा पेडणेकर न बोलावता गाडीत येऊन बसले. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक वाफेची पेटी. दुसरे, आठ रूळ सावकाश फिरत राहतात आणि त्यांवर सॉसेज भाजले जातात, असे. पेडणेकरांनी पेटीत कोपरापर्यंत हात घातला. "हीच घेऊया, साहेब. हिच्यात लपायला जागाच नाही."

"कोणाला लपायचे आहे?"

"घाणीला. त्या रुळांच्या टोकांना बघा. तिथे चरबी शिरली की बाहेर कोण काढणार? तुम्ही?"

मी रूळवाले यंत्र घेतले. सॉसेज फिरताना दिसली की मुले आपोआप येतील, हा माझा हिशेब. परतीच्या वाटेवर पेडणेकर म्हणाले, "ठीक. पण धुणार मी."

ते त्यांनी धुतले. चार दिवस धुतले! नवेकोरे यंत्र, पण माणसाने ते स्क्रूपर्यंत सुटे केले. रूळ धुण्याच्या सोड्यात उकळले, दातांच्या ब्रशाने घासले, आणि दर वेळी इस्पितळातली पांढरी गॉझपट्टी फिरवून ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. शाकाहारी मुलांच्या बटाट्याच्या रोलसाठी शेवटचे दोन रूळ वेगळे ठरवले, त्यांचा चिमटाही वेगळा. स्वतः रोज मासळी खाणारा हा गृहस्थ, पण कडक सोवळ्यातल्या बाईनेही हात जोडावेत असा त्याचा काटेकोरपणा. "अहो, पोटात जायचे आहे, पोटाच्या शस्त्रक्रियेला नाही," मी म्हणालो. "पोट तेच ना, साहेब?" असे उत्तर आले.

क्रीडादिनाच्या शुक्रवारी सकाळी बटण दाबले. यंत्राने किंकाळी फोडली आणि रूळ जागच्या जागी अडकले. बेअरिंगमधले ग्रीस पेडणेकरांनी घाण समजून मुळापासून धुऊन काढले होते. मी त्यांना सर्वांदेखत फैलावर घेतले. काय बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. ते मान खाली घालून आपल्या इस्पितळात गेले, हत्यारांच्या सांध्यांना घालतात ते तेल घेऊन आले, आणि शर्टाच्या बाह्या दुमडून सोळा बेअरिंगना थेंब थेंब तेल घालत बसले. तासाभराने रूळ फिरू लागले.

यंत्र आरशासारखे चकचकत होते. सॉसेज फिरत होती, पाव गरम होते... आणि आमच्याकडे कोणी येत नव्हते. शेजारच्या स्टॉलवर झुंबड. आया मुलांचे हात धरून आमच्या समोरून जात, आणि एकमेकींच्या कानाशी लागत. वर्षभरात कोणी काही विसरले नव्हते.

पेडणेकरांनी पहिला हॉटडॉग पावात घातला आणि मैदानाच्या दिशेने मोठ्याने हाक मारली, "मीनल! हंय ये!"

आमचा नियम होता, स्वयंसेवकांच्या घरच्यांनी शेवटी खायचे. तो मीच केलेला. "पेडणेकर, हे नियमात बसत नाही," मी म्हणालो.

"बसू दे नाहीतर उभा राहू दे," ते म्हणाले.

मीनल आली. गेल्या वर्षी इस्पितळात कोण होते, हे त्या मैदानावरच्या प्रत्येक आईला माहीत होते. मुलीने स्टॉलसमोर उभे राहून तो हॉटडॉग संपवला, बोटे चाटली आणि वडिलांकडे दुसरा मागितला. तिचा दुसरा संपायच्या आत तिच्यामागे रांग लागली होती. दुपारी पाव संपले, तेव्हाही रांग हटली नव्हती. तक्रार एकही आली नाही.

त्या संध्याकाळी यंत्र मी एकट्याने धुतले. माफी मागण्याची दुसरी रीत मला येत नव्हती. अजूनही येत नाही. रूळ कोमट असतानाच पुसले, खालचा ट्रे घासला, बेअरिंगना हात लावला नाही. पेडणेकर आले, माझ्या ओल्या बाह्यांकडे त्यांनी क्षणभर पाहिले, शेवटच्या रुळाच्या टोकाशी गॉझ फिरवली आणि ती माझ्यापुढे धरली.

"परत धुवायला हवं, साहेब."

मी परत धुतले.