फोटोत आलेलं बोट

माझ्या लग्नात मी ज्या माणसावर सगळ्यात आधी ओरडलो, ते माझे मामेसासरे निघाले. मुंडावळ्यांच्या आडून दिसतं तेवढंच मला दिसत होतं. एक गृहस्थ डबा कॅमेरा घेऊन माझ्या छातीशी वाकले होते आणि काही केल्या मान वर करेनात. नवरदेवपणाचा पहिलाच तोरा, मी म्हणालो, "अहो फोटोग्राफर, फोटो तोंडाचा काढतात, खिशाचा नाही!" मांडवातल्या बायका एकदम गप्प झाल्या. गृहस्थ मात्र जराही न चिडता म्हणाले, "तोंड काय, हितनं पुढं रोजच बघायचं हाय, जावईबापू. ह्ये पेन कुठं घावलं, तेवढं सांगा की." ठरवलेला फोटोग्राफर अजून यायचाच होता. आमच्या आल्बमच्या पहिल्या पानावर आजही माझ्या कोटाचा खिसा आहे. त्यात एक पारदर्शक पेन झकास आलं आहे, आणि मी हनुवटीच्या खाली सुरू होतो. ते पेन अर्थातच मांडव उतरायच्या आत माझ्या खिशातून मामांच्या खिशात गेलं.

वेड कशाला म्हणतात ते मला आमच्या सौभाग्यवतींच्या मामांनी दाखवलं. त्याआधी मी नुसते हौशी लोक पाहिले होते. कोल्हापुरात तसा नादिष्टांना तोटा नाही. कुणाला तालमीचा नाद, कुणाला कबुतरांचा, कुणाला म्हशीची शिंगं रंगवण्याचा. मामांना नाद होता आरपार दिसणाऱ्या फौंटनपेनांचा. सोनेरी टोपणाचं काळंभोर पेन कुणी कौतुकानं पुढं केलं, की मामा त्याच्याकडे असे बघत, जणू त्या पेनानं कुणाचं तरी काहीतरी लपवून ठेवलं आहे. "पेनानं कसं, समोरनं सांगाय पायजे, हाय किती आन् न्हाय किती," ते म्हणत. "काळं पेन म्हंजे दगाबाज. निम्म्या वाक्यात तोंड फिरवतंय." पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ते कारकून होते. घरी कपाटभर पेनं, पण मस्टरवर सही करायला शेजारच्या टेबलावरून पेन मागून घ्यायचे. लिहिलं की आतली शाई खाली जाते आणि फोटोसाठी लावलेली पातळी बिघडते, हे त्यामागचं शास्त्र. शेजारच्या कारकुनानं कंटाळून पेन टेबलाला सुतळीनं बांधून टाकलं होतं. मामा टेबलापाशी जाऊन सही करत.

एस.टी.त बसले की त्यांची नजर लोकांच्या खिशांवर. एकदा आमच्याकडे जयसिंगपूरला यायला निघाले. शेजारी बसलेल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या खिशात काचेसारखं पेन दिसलं, आतली निबाखालची जीभसुद्धा पारदर्शक. "पावणं, पेन जरा बघू की," इथून सुरुवात झाली. तो गृहस्थ हातकणंगल्याला उतरला, तर मामाही मागोमाग उतरले. आम्ही इकडे जेवणाची ताटं झाकून वाट बघतोय, आणि मामा संध्याकाळी परस्पर कोल्हापूरला परत. पेन मिळालं होतं; पायातल्या नव्याकोऱ्या करकरणाऱ्या वहाणा व्यापाऱ्याकडे गेल्या होत्या. अनवाणी मामांना दारात बघून मामी एवढंच म्हणाल्या, "धोतर ऱ्हायलं न्हवं अंगावर? मग झालं."

पेन मिळालं की ते कोमट पाण्यानं धुवायचं, ड्रॉपरनं शाई भरायची आणि फोटो काढायचा. तो सोहळा मी कैकदा पाहिला आहे. पूर्वेच्या खिडकीत स्वच्छ धोतर पडद्यासारखं लावलेलं असे. डबा कॅमेऱ्याला जवळचं दिसत नाही, म्हणून मामा स्वतःचा चष्मा काढून रबरानं त्याच्या भिंगापुढं बसवत. आता कॅमेऱ्याला दिसू लागे, पण मामांना काही म्हणजे काही दिसत नसे. समोर नुसता उजेड आणि त्यात हलणारं काहीतरी. त्यामुळे बघण्याचं काम मामींचं. अंगठा आणि एका बोटाच्या चिमटीत पेन धरून त्या पडद्यापुढं हात लांब करून उभ्या राहायच्या आणि स्वतःच सांगायच्या, "आता सरळ हाय. दाबा." मामा म्हणायचे, "बोटं मागं घे, बोटं! आत येतील." मामी म्हणायच्या, "मग काय दातांत धरू व्हय?" तरी बोट यायचंच. ज्या फोटोत बोट आलं तो बाद. बाद फोटो बिस्किटाच्या डब्यात पडायचे. डबे वाढत गेले. माझी बायको राधानगरीकडची. तिकडे हायस्कूल नव्हतं म्हणून ती मामांकडे राहून शिकली, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या घरात रविवारी सकाळी चहासुद्धा उजेड बघून मिळायचा.

निळी, हिरवी, जांभळी, लाल अशा तऱ्हेतऱ्हेच्या शाया भरून काढलेले ते फोटो शेवटी काळे-पांढरेच. सगळ्या शाया राखाडी. पण मामा एकेक फोटो हातात देऊन म्हणत, "ही हिरवी बघा कशी तरतरीत आलीया!" मी मान डोलवायचो. एकदा अंदाजानं "वा, काय जांभळी आहे!" म्हणालो, तर मामा माझ्याकडे दुःखानं बघत राहिले. ती लाल होती. रोल धुवून देणारे स्टुडिओवाले चाचा बिचारे वैतागून गेले होते. "मामा, एखादा तरी माणूस काढा की हो," ते म्हणायचे. "अंधारात एकटा बसून पेनंच पेनं धुतोय. मला भ्या वाटाय लागलंय."

माणूस काढायची मागणी घरातूनही होतीच. दिवाळीला इरकली लुगडं नेसून, नथ घालून मामी खिडकीत उभ्या राहिल्या. "आज माझा काढा की एक." मी तेव्हा तिथं होतो. मामांनी कॅमेरा उचलला, खिडकीकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा उजेड पसरला. "थांब थांब. असा उजेड परत न्हाय. त्ये नवं पेन आण आधी. तुझा पुढच्या रोलात काढू." मामींनी नथ काढून ठेवली आणि पेन आणलं. पुढचा रोल आला, त्याच्या पुढचाही आला. मामी मागत राहिल्या, चेष्टेनंच. मामा कबूल करत राहिले, अगदी मनापासून.

मग मामींच्या पोटात दुखू लागलं. त्यांनी ते बरेच दिवस कुणाला कळू दिलं नाही, आणि कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. दहाव्याला मी गेलो तर मामा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "शाई किती ऱ्हायली त्ये बघत बसलो, जावईबापू. हिचं काय दिसलंच न्हाय की मला." मी आपलं त्यांना चहा हवा का विचारलं.

फोटोचा शोध त्यानंतर सुरू झाला. सगळे आल्बम, सगळ्या नातेवाइकांच्या ट्रंकांचे तळ. आमच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत मामी होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यापुढं कुणाचा तरी फेटा. चेहरा कुठंच नाही. मग मामांनी बिस्किटाचे डबे काढले. आयुष्यभर जे फोटो बोट आलं म्हणून बाद केले होते, ते ओसरीवर मांडून भिंग घेऊन बघत बसू लागले. कपाटातल्या पेनांतली शाई सुकून गेली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एके दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि एक फोटो हातात दिला. पेन जरा तिरकं होतं, पण अंगठा आणि बोट अगदी स्पष्ट, नखासकट. "ह्यात हिचं बोट लई ब्येस आलंय," ते म्हणाले. "मोठा करून आणा. फ्रेम लावून."

मीच तो चाचांकडे नेला. चाचांनी तासाभरात मोठा करून दिला. वर्षश्राद्धाला पाटावर ती फ्रेम ठेवली होती, चंदनाचा हार घालून. आलेले पाहुणे आधी फ्रेमकडे, मग एकमेकांकडे बघत. राधानगरीहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या कानात विचारलं, "पावणं, पेन वारलं व्हय?" माझी बायको मात्र फ्रेमपुढं बराच वेळ उभी होती. मामा तिच्याजवळ गेले. "हिचंच हाय न्हवं गं? मला तवा चष्म्याबिगर काय दिसत नव्हतं." मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "व्हय की मामा. झकास आलंय." मामांनी डोळे पुसले आणि सगळ्यांना जेवायला बसायला सांगितलं.

परतीच्या गाडीत तिनं डावा हात माझ्यापुढं धरला. तर्जनीचं नख एका बाजूला वाकडं आहे. लहानपणी उखळात सापडलं होतं. हे बोट मी इतकी वर्षं रोज बघतोय. फोटो मोठा करून घेताना तासभर त्याच्याकडेच बघत बसलो होतो, आणि मला ते ओळखता आलं नव्हतं.

"मामीला बरं नसलं की पेन मीच धरायची," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

तिनं हात परत मांडीवर घेतला. मग म्हणाली, "हात दुखला की मी पेन हलवायची. तवा मामी अंथरुणातनं उठून यायची, आन् मामा 'झालं' म्हणस्तोवर खालनं माझं मनगट धरून उभी ऱ्हायची. तेवढं फोटोत आलं न्हाय."