अंतराळातल्या लेकीची कडू भाकर

"बराबर सांगा, बाई. अर्धं सांगू नका."

काठी दोन्ही खांद्यांवर आडवी, तिच्यावर दोन्ही हात लोंबत सोडलेले आणि पाठ वर्गाच्या चौकटीला टेकलेली. अशी उभी राहून ती हे म्हणाली की समजायचं, आता आपली सुटका नाही. तिला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून, मधलं काही न गाळता सांगावी लागे. मधलं गाळलं तर तिला कळायचं. कसं कळायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

हिंगोलीकडं, शिरड शहापूर ते कुरुंदा या पट्ट्यातल्या एका गावात मी माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवत होते. गावाबाहेर मेंढपाळांची पाच-सहा घरं होती, त्यांतलं एक तिचं. तिची मुलगी मंदा माझ्या वर्गात. मी तिला 'मंदाची माय' म्हणायची आणि ती मला नुसतं 'बाई'. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण ते इथं लिहीत नाही. तिला विचारल्याशिवाय लिहिलेलं तिनं खपवून घेतलं नसतं.

आता मी स्वभावानं तापट. वर्गात माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली पोरंही आपोआप पाढे म्हणायला लागत. गावातले भले भले पालक माझ्यापुढं चाचरत बोलायचे. ही मात्र कधी चाचरली नाही.

मंदा नववीत असताना सहामाहीचे पेपर दाखवायचे होते. मी म्हटलं, "गणितात एकोणसाठ. चांगले आहेत."

"कुठं कुठं किती देल्ले ते वाचा."

पाठीमागं पालकांची रांग. मी दातओठ खात एकेक प्रश्न वाचत गेले आणि ती बोटांची पेरं मोजत गेली. शेवटी म्हणाली, "एकसष्ट झाले की वो. तुमी एकोणसाठ काहून म्हणून राहिल्या?"

मी भडकले. गणिताच्या बाईला बेरीज शिकवायची? पुन्हा मोजलं. एकसष्ट! अख्खी रांग तोंडाला पदर आणि उपरणं लावून हसत होती. ती मात्र हसली नाही. रोज दिवस मावळताना जाळीच्या एका फटीतून दीडशे मेंढरं आत घेताना ती अशीच पेरांवर मोजायची.

"माझी दोन मेंढरं हुकली असती तर मला झोप आली नसती, बाई," ती अगदी शांतपणे म्हणाली. "तुमाला कशी आली?"

मी नाक मुठीत धरून मार्क दुरुस्त केले. त्या दिवसापासून मी पेपर दोनदा मोजायला लागले, निवृत्त होईपर्यंत.

मंदा दहावीला गेली त्या वर्षी आपल्या देशात जन्मलेली ती मुलगी दुसऱ्यांदा अंतराळात गेली. पेपरातला तिचा नारिंगी पोशाखातला फोटो मी कापला आणि वर्गातल्या भिंतीवर खळीनं चिकटवला. ती वर होती तितके दिवस माझा तास तिच्यापासूनच सुरू व्हायचा. 'आपली ताई आता कुठं असेल? आपली ताई दिवसातून किती वेळा सूर्य उगवताना बघते?' पोरी तर पोरी, मीच येडी झाले होते. कापूस वेचणाऱ्या, हळद काढणाऱ्या बायांच्या त्या लेकींना मला दाखवायचं होतं की बघा गं, इथूनही जाता येतं.

एकदा मंदाची माय डबा द्यायला आली आणि फोटोपुढं थांबली. "हे कोण, बाई?"

"आपलीच पोरगी आहे. वर गेलीय, आभाळाच्या वर."

"आपली? मंग तिच्या घरी कोण कोण हाय?"

नेमकी घंटा झाली. "आपणच सगळे," असं म्हणून मी खडू उचलून पळाले. तिला अर्धं सांगून मी सुटले, असं एकदाच झालं. त्याचं पुढं काय झालं तेच तर सांगायचंय.

तुमच्यापैकी ज्यांचं तेव्हा कळतं वय होतं त्यांना ती बातमी ऐकली तेव्हा आपण कुठं होतो ते आठवत असेल. मी शेजारच्या अंगणात होते. शनिवारची संध्याकाळ. त्यांची हळद शिजत होती, अंगणभर वाफ आणि तो मातकट, गोडसर वास. मी उगाच गप्पा हाणत बसले होते. आतून त्यांच्या सुनेनं हाक मारली, "बाई, तुमच्या त्या फोटोवालीचं काहीतरी दाखवून राहिले बघा."

टीव्हीवर निळं आभाळ होतं आणि एक पांढरी रेघ. बघता बघता तिच्या दोन झाल्या, मग चार. मी टीव्हीवर ओरडले, "अरे नीट दाखवा की! कुठंय ती?" जणू माझ्या आवाजाला भिऊन ते तिला बाहेर काढणार होते. मग खाली बातमीची पट्टी आली आणि मी तिथंच उंबऱ्यावर बसले. यानातले सगळेच्या सगळे सात जण गेले होते. उतरायला फक्त सोळा मिनिटं राहिली होती.

रडले मी. सांगायला लाज कसली? माझे मालक नोकरीसाठी परभणीला असायचे, घरात मी एकटी. त्या रात्री काही केलं नाही, तशीच पडले.

रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर मंदाची माय. शाळेच्या गावाहून माझ्या घरापर्यंत अडीच कोस चालत आलेली, पदर डोक्यावरून पार कपाळावर ओढलेला, काठी बाहेरच भिंतीला टेकवलेली, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. आली, उंबऱ्याच्या आत बसली आणि गुडघ्यावर कपाळ टेकवून हुंदके द्यायला लागली. मला काही उमगेना. वाटलं, हिच्याच घरी काही झालं.

"बाई, तुमच्या घरी चूल पेटली नसंल," ती डोळे पुसत म्हणाली आणि फडकं माझ्यापुढं सरकवलं. ज्वारीच्या दोन भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी.

आमच्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. भावकीतलं, शेजारचं कुणीतरी भाकर करून घेऊन जातं आणि घरच्यांना समोर बसून खायला लावतं. तिला कडू भाकर म्हणतात. भाकर कडू नसते, पण ती खावी लागते म्हणून कडू.

आता लख्ख उजेड पडला. मंदा रात्री गावातल्या टीव्हीवर ते बघून रडत घरी गेली होती, 'बाईंची ताई गेली' म्हणून. मायनं पुढं काही विचारलं नव्हतं. अशा वेळी चौकशा करायच्या नसतात, भाकरी थापायच्या असतात. तिनं त्या थापल्या आणि निघाली.

मी ओशाळले. "अहो, ती माझी कुणी नव्हती हो. नात्यातली नाही. मी तिला कधी बघितलंसुद्धा नाही."

तिनं पदर कपाळावरून मागं घेतला. "मंग रोज आपली आपली म्हणत व्हत्या, ते?"

ती काही मला टोचून बोलत नव्हती, खरंच विचारत होती. तिच्या जगात माणूस एक तर आपलं असतं नाही तर नसतं, आणि आपलं असलं तर त्याच्यासाठी अडीच कोस चालावं लागतं.

"आपलीच होती," मी म्हटलं.

"मंग खा."

मी खाल्लं. ती समोर बसून राहिली, अर्धी भाकर मी तशीच ठेवली तर तीही खायला लावली. आणि मग म्हणाली, "आता बराबर सांगा. कशी गेली?"

तेव्हा मला पुरतं माहीत नव्हतं. उन्हाळा लागला तसं पेपरात कारण येत गेलं आणि ती विचारायला शाळेत आली. मी पाटी आडवी धरून यानाचा पंख दाखवला. वर जातानाच थर्माकोलसारखा हलका एक तुकडा सुटून पंखावर आदळला होता. तिथं भगदाड पडलं, आणि परत येताना त्यातून आग आत शिरली.

"कुनाला दिसलं न्हाई का?"

"दिसलं होतं. फोटोत दिसलं होतं. पण एवढ्याशानं काय होतंय, असं त्यांनी ठरवलं."

तिनं खांद्यावरची काठी खाली घेतली. "शिकलेले व्हते ना वो ते?"

"खूप."

ती काठी टेकत निघून गेली.

जूनमध्ये निकाल लागला. मंदा शाळेत दुसरी आली. तिला अकरावीला विज्ञान घ्यायचं होतं, आणि त्यासाठी नांदेडला वसतिगृहात राहायला लागणार होतं. त्या घरांतली एकही मुलगी दहावीच्या पुढं गेलेली नव्हती. तिचा बाप भला माणूस, पण मेंढरांशी बोलायचा तेवढाच. घरात शब्द चालायचा तो थोरल्या दिराचा. त्यांनी मला बोलावणं धाडलं.

त्यांच्याकडे बाई थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. पदर पुढं ओढून, तोंड फिरवून, तिसऱ्याला सांगायचं. त्या दिवशी तिसरी मी. दोघांमध्ये चार हातांचं अंतर आणि मधे खाटेवर आमची स्वारी.

"बाई, तिला सांगा," थोरले म्हणाले, "पोरगी हुशार हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पन पोरीच्या जातीनं एवढ्या दूर जाऊ नये. ती वर गेली, तिचं काय झालं?"

"बाई, त्यास्नी सांगा, नांदेड काय आभाळात न्हाई."

"तिला सांगा, एक वरीस घरी राहू द्या. पुढच्या वरसाला बघू. एका वरसानं काय व्हतंय?"

सुरुवातीला मी इमानदारीनं प्रत्येक वाक्य इकडचं तिकडं करत होते. मग लक्षात आलं की दोघांना सगळं नीट ऐकू येतंय, आणि गप्प बसले. पण हे 'एका वरसानं' ऐकलं आणि मी मनात मोजायला लागले. एक वर्ष घरी राहिलेल्या माझ्या किती विद्यार्थिनी परत आल्या होत्या? एकही नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या लग्नाच्या पत्रिकाच यायच्या. पलीकडं मंदा कोकराला पाजत बसली होती, मान खाली, पण कान इकडं. बाटलीतलं दूध संपलेलं तिला कळलं नव्हतं.

मंदाची माय वळली. पदर होता तिथंच राहिला, पण ती वळली आणि थेट त्यांच्याकडे बघून बोलली.

"दादा, ती पोरगी वर गेली म्हणून मेली न्हाई. एवढ्याशानं काय व्हतंय, असं खालच्यांनी म्हटलं म्हणून मेली. तुमी बी तेच म्हणून राहिले. म्या ऐकनार न्हाई."

आजूबाजूच्या बाया जागच्या जागी थिजल्या. बापानं डोक्याचा पटका काढला आणि पुन्हा बांधला. मला वाटलं, झालं, आता भडका उडणार. थोरले माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, नांदेडची येष्टी किती वाजता हाय?"

मी आयुष्यात पुष्कळ बक्षीस समारंभ बघितले, दोन-चार वेळा स्टेजवरही बसले. पण त्या खाटेवर बसताना मला जो अभिमान वाटला, तो दुसरीकडे कुठं वाटला नाही. निरक्षर बाई! त्या अपघातातून जे शिकायचं होतं ते तिनं माझ्या आधी शिकून घेतलं होतं.

पोचवायला आम्ही चौघं गेलो. मंदाची पेटी थोरल्यांनी कुणाला हात लावू दिली नाही, पटक्यावर ठेवून वसतिगृहाच्या दारापर्यंत नेली. परतीच्या गाडीत मंदाची माय माझ्याशेजारी बसली, खिडकीबाहेर तोंड करून.

"बाई," कुरुंदा आलं तेव्हा हळूच म्हणाली, "लई भ्याव वाटून राहिलं वो."

"येईल की परत दिवाळीला."

"येईल. पन येस्तोवर माझ्या मोजनीत एक कमीच ना."

मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

मंदा दिवाळीला आली, आणि नंतरच्या प्रत्येक दिवाळीला आली. बीएस्सी झाली, एमएस्सी, बीएड झाली. आज हिंगोलीत ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि माझ्यापेक्षा छान शिकवते, हे मी तिच्या तोंडावर अजून कबूल केलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मंदाची माय गेली. दोन दिवस तापाचं निमित्त झालं, बस्स. मी पोचले तेव्हा सगळी तयारी झाली होती. मंदा परीक्षेच्या कामावर होती, तिकडून निघाली होती. ऊन चढत होतं, भावकीतली माणसं चुळबुळत होती. एक जण म्हणाला, "उरकून घ्या आता. लेकीसाठी किती थांबायचं? लेकीवाचून काय अडलंय?"

थोरले दीर आता पार वाकलेत. ते मयतापाशी मांडी घालून बसले होते. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "पोरगी आल्याबिगर कुनी हात लावायचा न्हाई," एवढंच म्हणाले.

तासाभरानं बांधापलीकडं मंदाची स्कूटर थांबली. हेल्मेट तसंच हातात धरून ती धावत आली, पण पुढं पुरुषांची दाटी होती आणि कुणी बाजूला होईना. थोरल्यांनी शेजारच्याच्या खांद्याला धरलं, कसेबसे उभे राहिले आणि घशाच्या शिरा ताणून ओरडले,

"सरका रे! वाट द्या! आमच्या म्याडम आल्या!"