जीपवाल्याची खात्री

आमच्या चर्चच्या मंडळीच्या इतिवृत्ताच्या जुन्या वहीत माझ्या अक्षरात एक ठराव आहे. मंडळीतल्या एका सभासदाने शनिशिंगणापूरला जाऊन, आंघोळ करून, ओल्या वस्त्राने चौथऱ्यावर चढून तेल वाहिले, सबब त्यास येत्या नाताळापर्यंत प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येत आहे, असा. सभा जानेवारीतली, म्हणजे शिक्षा अकरा महिन्यांची झाली. ठरावातला एकही शब्द खोटा नाही. तो माणूस गेला होता, त्याने आंघोळ केली होती, तेलही वाहिलं होतं. मी मात्र जे ऐकलं होतं ते सभेत सांगितलं नाही आणि वहीतही लिहिलं नाही. ते आता लिहितो आहे. माझं वय एक्याऐंशी आहे.

मी शाळामास्तर. नोकरीबरोबर तीस-पस्तीस वर्षं मंडळीत पंच होतो आणि त्यातली बरीच वर्षं चिटणीस. आमच्या घराण्यात ख्रिस्ती विश्वास आजोबांपासूनचा. लहानपणी जेवणाआधी प्रार्थना चुकली तर ताट मागे घेतलं जायचं. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांचा वर्ग मीच घ्यायचो. त्या वर्गात तारणाच्या खात्रीचा धडा असे. मी फळ्यावर लिहायचो: तारण हे देवाचे दान आहे, ते कमावता येत नाही, म्हणून ते आपल्या चुकीने हरवेल अशी भीती विश्वासणाऱ्याने बाळगू नये. मग एकेकाला उभं करून विचारायचो, तुझ्या तारणाची तुला खात्री आहे का? सगळे होय म्हणायचे. मला कोणी उलटून विचारलं नाही, हे माझं नशीब. मला खात्री नव्हती. कधीच नव्हती. मंडळीत कोणी वारलं की कबरस्तानात दोन शब्द बोलायला मलाच उभं करत. आपला भाऊ प्रभूजवळ गेला असं म्हणताना मनात यायचं, हा गेला असेल, पण आपलं काय.

त्या वर्गात एका वर्षी जीपवाला आला. चाळिशी ओलांडलेला, शेतकरी घरातला, राहुरी ते शिंगणापूर काळीपिवळी जीप चालवणारा. त्याआधी तो घोडेगावच्या बाजारातून टेम्पोत जनावरं भरून न्यायचा. बायको आमच्या मंडळीतली होती. तिला दर रविवारी चर्चच्या दारात सोडायचा आणि बाहेर जीपमध्ये तंबाखू मळत बसायचा. दोन-तीन वर्षांनी बाहेरून पायरीवर आला, पायरीवरून मागच्या बाकावर. मग म्हणाला, मला बाप्तिस्मा पाहिजे. वर्गात त्याने वही आणली नाही. मी शिकवायचो आणि तो माझ्याकडे टक लावून बघायचा. मला वाटायचं, याच्या डोक्यात काही शिरत नाही.

बाप्तिस्म्यानंतर साक्षीची सभा होती. नव्या माणसाने उभं राहून आपल्याला प्रभू कसा भेटला ते सांगायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. बहुतेक लोक रडतात. हा खिशात हात घालून उभा राहिला आणि म्हणाला, "घोडेगावच्या बाजारात इसार दिला की बैलाच्या पाठीवर रंगाची खूण करत्यात. मग त्यो बैल संध्याकाळपतुर जुन्याच मालकापाशी उभा ऱ्हातो, त्याचीच वैरन खातो. पन त्यो इकला गेल्याला असतो. बैलाला इचारत न्हाईत, तुला खात्री हाय का म्हनून. माझं तसं हाय." आणि खाली बसला.

लोक हसले. मग एकदम गप्प झाले. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, डोळे पुसले. पवित्र आत्मा हा विसार आहे, सौदा पक्का करणारी आगाऊ रक्कम आहे, हा धडा मी वीस वर्षं शिकवत होतो, आणि वीस वर्षांत कोणी हसलं नव्हतं की गप्प झालं नव्हतं. पुढे कित्येक महिने पाळकांच्या प्रवचनात तो बैल येत राहिला. तो आला की मी मान खाली घालून गीतांच्या पुस्तकाची पानं चाळायचो.

त्याच्या साक्षीचा मला फारसा हेवा नव्हता. बोलणं मलाही येतं. हेवा होता तो त्याच्या निवांतपणाचा. एकदा छातीत दुखून तो नगरला दवाखान्यात होता. मी आणि पाळक त्याला धीर द्यायला गेलो. मी वाटेत प्रार्थनेचे शब्द जुळवून ठेवले होते. तो शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी उसाच्या भावावरून वाद घालत होता. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाला, "सुईची वाटती." पाळक मोठ्याने हसले. मी हसलो नाही. परत येताना एसटीत मला सारखं वाटत होतं की हे माझं होतं. तीन पिढ्या आम्ही राबलो, दारू शिवलो नाही, रविवारी बाजारहाट केला नाही, आणि जे मिळायचं ते या तंबाखूवाल्याला आल्या दिवशी मिळालं. उधळ्या मुलाच्या दाखल्यातला, घरी परतलेल्या धाकट्याचं स्वागत बघून चिडणारा थोरला भाऊ मी वर्गात किती वेळा समजावून सांगितला असेल. मुलं त्याला हसायची, मीही हसायचो.

त्याच हिवाळ्यात आमच्या शाळेतल्या शिक्षकांची सहल निघाली, देवगड आणि शिंगणापूर. मी ख्रिस्ती असलो तरी बरोबर जायचो, गाडीपाशी थांबायचो. शिंगणापूरला बाकीचे दर्शनाला गेले आणि मी रसवंतीपाशी उभा राहिलो. समोर दहा पावलांवर त्याची जीप येऊन थांबली. त्यातून एक म्हातारी उतरली, हातात तेलाची बाटली. तिच्याबरोबर कोणी नव्हतं. त्या काळात बायकांना चौथऱ्यावर जाता येत नसे. पुरुषांनी आंघोळ करून ओल्या वस्त्राने वर जायचं, असा नियम होता. म्हातारीने त्यालाच गाठलं.

"लेकरा, एवढं तेल वाहून दे माझं. माझ्यासंगं पुरुषमानूस न्हाई. लेकासाठी नवस बोलले हुते."

"आजी, मी ख्रिस्ती हाय."

"मग? तेल तर माझं हाय ना."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा चौथऱ्याकडे. मग चपला जीपखाली सरकवल्या आणि बाटली घेऊन नळाकडे गेला. थोड्या वेळाने तो ओल्या पंच्यावर, उघड्या अंगाने रांगेत दिसला. थंडीने कुडकुडत होता. मी रसवंतीच्या आडोशाला सरकलो. माझे हेडमास्तर परत आले, त्यांनी प्रसादाचा पेढा दिला, तो मी तोंडात टाकला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

पुढच्या महिन्यात पंचांची सभा होती. मी सांगितलं की मी या डोळ्यांनी पाहिलं, अमुक माणूस ओल्या वस्त्राने चौथऱ्यावर होता. म्हातारीचं सांगितलं नाही. पेढ्याचंही नाही. त्याला बोलावून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "व्हय, तेल वाहिलं." एकाने विचारलं, कशासाठी? मला वाटलं, आता सांगेल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वाहिलं एवढं खरं हाय." पंचांना ते उद्धट वाटलं. ठराव मी लिहिला. लिहिताना माझं अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आलं होतं.

शिक्षेतल्या माणसाने प्रभुभोजनाच्या रविवारी शेवटच्या बाकावर बसायचं आणि प्रभूच्या आठवणीच्या भाकरीचं तबक पुढून गेलं की हात लावायचा नाही, अशी आमची रीत. तबक फिरवणाऱ्या पंचांत मी असायचो. अकरा महिने, दर पहिल्या रविवारी, मी त्याच्या पुढून तबक नेलं. त्याची खात्री मोडलेली मला बघायची होती, हे आज स्पष्ट लिहितो. एखाद्या रविवारी तो येणार नाही, दारू पिऊन येईल, निदान रडेल. तो येत राहिला. गीतं बेसूर आणि मोठ्याने म्हणत राहिला. एकदा उपासनेनंतर मी मुद्दाम त्याच्यापाशी गेलो आणि सहानुभूती दाखवल्यासारखं विचारलं, कसं काय वाटतं? म्हणाला, "वाईट वाटतंय, मास्तर."

"आणि ती खात्री? बैलाची?"

"ती माझी कुटं हाय, कमी-जास्त व्हायला? ज्यानं इसार दिला त्याची हाय."

त्या संध्याकाळी मी घरी बायकोवर विनाकारण खेकसलो. ती बिचारी आता नाही. तिचीही माफी मागायची राहून गेली.

नाताळात त्याची शिक्षा संपली. मीच तबक पुढे धरलं आणि त्याने भाकर घेतली. पुढची पंचवीसेक वर्षं आम्ही एकाच मंडळीत होतो आणि त्या गोष्टीवर कधी बोललो नाही. मी कदाचित तसाच गेलो असतो. पण यंदा त्याच्या मुलीचं नाव पंचांसाठी पुढे आलं. ती नर्स आहे, कामसू आहे. सभेत एका तरुण पंचाने जुनी वही उघडून विचारलं, बापाने शनीला तेल घातलं, त्या घरातलं माणूस आपण पंच करायचं का? पाळकांनी निरोप पाठवून मला विचारलं, सर, ते खरं आहे का? मी कळवलं, अक्षर माझंच आहे. त्यापुढे काही कळवलं नाही. दोन दिवस हे उत्तर मला पुरेसं वाटलं. तिसऱ्या दिवशी एसटीत बसून त्याच्याकडे गेलो.

तो हल्ली मुलीकडे राहुरीजवळ असतो. गुडघ्यांनी जीप सोडवली आहे. कांदाचाळीपुढे गोणपाटावर बसून तो कांदे निवडत होता. मला बघून म्हणाला, या मास्तर, बसा, हात चालू ठिवा. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं, म्हातारी, तेलाची बाटली, सभा. तो ऐकत होता आणि सडका कांदा वेगळा टाकत होता.

"ठाव हाय," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"तुमी रसवंतीपाशी हुते. पेढा खात हुते."

मग विचारलं, तेव्हा बोलला का नाहीस?

"बोललो असतो तर तुमीबी मागच्या बाकावर आले असते. मग तबक कोन फिरवनार?" तो स्वतःच हसला आणि हसता हसता खोकला. खोकला थांबल्यावर हळू आवाजात म्हणाला, "राग आला हुता. लई. दोन म्हयनं तुमच्या गल्लीतनं जीप न्हाई घातली. शिव्या दिल्या. मंग दमलो."

मी माफी मागायला गेलो होतो आणि तिथेही मला त्याचा हेवाच वाटला. पंचवीस वर्षं एवढं पोटात ठेवून हा माणूस स्वस्थ झोपला. मी विचारलंच. आयुष्यभर ज्याचं उत्तर पाहिजे होतं ते सरळ विचारलं. तुला एवढी खात्री आली कुठून?

त्याने हातातला कांदा खाली ठेवला. त्याला खरोखर नवल वाटलेलं दिसलं.

"तुमच्याच वर्गात. तुमी फळ्यावर लिहिलं हुतं. मला खरं वाटलं." मग म्हणाला, "तुमाला न्हाई वाटलं?"

मी एक कांदा उचलला आणि निवडू लागलो. मुलीने चहा आणला.

पुढच्या रविवारी मी मंडळीपुढे उभा राहिलो आणि जे इथे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं वाचून दाखवलं. पेढ्याचंही वाचलं. मुलीचं नाव एकमताने झालं. त्या तरुण पंचाने वहीत जुन्या ठरावाच्या बाजूला नवी नोंद केली. माझ्याबद्दल पंचांचं म्हणणं पडलं की वय झालं आहे, कबुली दिली आहे, सोडून द्यावं. मी म्हणालो, मला तेवढेच अकरा महिने द्या. पाळक समजावत राहिले की ही हट्टाची गोष्ट नाही, की शिक्षेने पाप फिटत नाही. ते मला माहीत आहे, मीच शिकवलं आहे. तरी मी हटलो नाही. शेवटी त्यांनी मानलं.

जीपवाल्याला हे कळलं तेव्हा त्याने मुलीच्या मोबाईलवरून फोन केला. म्हणाला, हे काय येड काढलं मास्तर. मी म्हटलं, या अकरा महिन्यांत मेलो तर काय होईल, याची मला भीती वाटते आहे.

"मेलात तर मेलात. तिकडं काय पंच बसल्यात का?"

मी हसलो. भीती गेली असं मात्र लिहिणार नाही.

यातले चार महिने झाले. गेल्या पहिल्या रविवारी तो मुलीबरोबर आला होता आणि पुढे बसला होता. मी शेवटच्या बाकावर. मुलीनेच तबक फिरवलं. तिने ते बापापुढे धरलं, त्याने भाकरीचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. मी पाहत होतो, आणि मला त्याचा हेवा वाटला, नेहमीसारखाच. फरक एवढाच होता की या वेळी मला त्याचा निवांतपणा नको होता, तो तुकडा हवा होता. पस्तीस वर्षं मी ते तबक हातात घेऊन फिरलो आणि त्यातली भाकर मला कधी अशी हवीशी वाटली नव्हती. ती माझ्या बाकापुढून गेली तेव्हा मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.