टेप शोधायला येणारी आई

आमच्या धाकट्याला सगळे मुका म्हणतात. लहानपणापासूनच. दुकानात गिऱ्हाईक आलं की हा माप घ्यायचा, कागदावर लिहायचा, पण तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आणि हाच प्राणी पुढे रॅपर झाला. चहा घेणार का, एवढं विचारलं तरी ज्याच्याकडून उत्तर मिळवताना आपला चहा गार होतो, तो म्हणे एका दमात अख्खं गाणं म्हणतो. त्यासाठी नाव काय घेतलं, तर मुकाच. म्हटलं, बरं झालं, नवीन नावाने हाक मारायची सवय लावायला नको.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे राहायच्या खोल्या. मी कापते, आई शिवते, हा काजं-बटणं, इस्त्री आणि पडद्यांच्या कडा बघतो. त्याचा पहिला अल्बमही इथेच झाला, आमच्या ट्रायल रूममध्ये. चारी बाजूंनी कापडाचे तागे रचले की आवाज घुमत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. त्या खोलीत लपून खेळण्यातच आमचं बालपण गेलं होतं. अडचण एवढीच, की गिऱ्हाईक कोट घालून बघायला आलं की याला माइकसकट बाहेर काढावं लागायचं. एका बाईंनी विचारलं, "आत रेडिओ लावलाय का?" मी म्हटलं, "नाही, भाऊ आहे."

अल्बम त्याच्या आजारपणावर आहे. आजार म्हणजे डिप्रेशन. मी हे सरळ सांगते, कारण आईने त्या काळात सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं की त्याची पाठ धरलीय. ती पाठ इतकी लांबली, की लोक तेलं सुचवायला लागले. खरं तर तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. जेवण ठेवलं तर गार व्हायचं. बोललं तर उत्तर नाही. मला राग यायचा, भीती वाटायची, आणि भीती वाटते म्हणून आणखी राग यायचा. शेवटी त्याने एके दिवशी इस्त्री मागितली, स्वतःचा शर्ट कडक केला आणि म्हणाला, "ताई, डॉक्टरकडे येतेस का माझ्याबरोबर?" त्यानंतर गोळ्या आल्या, बोलणं आलं, हळूहळू काजं-बटणं आली. गोळ्या अजून चालू आहेत.

तर हा अल्बम त्या संध्याकाळी लोकांसमोर जायचा होता, आणि दुपारी हा माझ्यामागे कापायच्या टेबलाभोवती घुटमळत होता.

"आईला एक गाणं ऐकवायचंय," तो म्हणाला. "ती नको म्हणाली तर काढून टाकतो."

"काढ की मग."

"ते काढलं तर बाकीच्या गाण्यांना अर्थ नाही, ताई. सगळा अल्बम त्याच्यावर उभा आहे."

गाण्याचं नाव 'टेप', म्हणजे आपली मापाची टेप. त्याने फोन आईच्या मशीनवर ठेवला आणि स्वतः उगाचच दोऱ्याची रिळं लावत बसला. आईने पायडल सोडलं नाही. सुरुवातीला नुसता ठेका होता. मग त्याचा आवाज आला, एकदम जवळून.

*दार वाजत नाही, दार नुसतं उघडतं,*
*टेप कुठेय, टेप कुठेय, एवढंच घर विचारतं.*
*मी हरवलोय आई, इंचांत मोजता येत नाही,*
*तुला तुझी टेप हवी, मी तुला दिसत नाही.*

आईचा पाय थांबला.

खोटं नव्हतं काही. त्या काळात आई दिवसातून कितीतरी वेळा त्याच्या खोलीत जायची. "माझी टेप बघितलीस का रे?" गादीच्या बाजूला वाकायची, उशाशी चाचपायची, निघून यायची. तो उत्तर द्यायचा नाही.

गाणं संपलं. आई म्हणाली, "शब्द छान बसवलेस." आणि बाही परत सुईखाली सरकवली. बस, एवढंच. आता मात्र माझं डोकं सटकलं.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "शिंप्याच्या घरात जन्मलास ना? आईच्या गळ्यातली टेप दिवसा कधी उतरलेली बघितलीस?"

"तू गप गं," आई म्हणाली.

"का गप? तेव्हाही टेप गळ्यातच होती तिच्या. टेप गळ्यात घालून टेप शोधायला यायची ती. तू भिंतीकडे तोंड करून पडलेला, तुला कुठून दिसणार?"

त्याच्या हातातलं रीळ तसंच राहिलं. मग त्याने विचारलं, "मग काय बघायला यायचीस?"

आईने चष्मा काढला, पुसला. "पांघरूण हलतंय का ते," ती म्हणाली. "श्वास चालू आहे का ते. तसं विचारायचं कसं तुला? म्हणून टेप."

तो खाली बसला, आईच्या स्टुलाशी, चिंध्यांमध्येच. रडला. मीही रडले, का खोटं बोलू. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने कापडावर पाणी पडू नये म्हणून बाही बाजूला केली.

"काढतो ते गाणं," तो म्हणाला.

"काढायचं नाही," आई म्हणाली. "तुला तेव्हा तसंच वाटलं ना? मग राहू दे तसंच. आणि गिऱ्हाइकांना सांगेन मी, पाठ नव्हती म्हणून."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, गाण्याच्या शेवटी एक वाक्य बोलशील का. आई आधी नाही नाही म्हणाली, मग केस नीट केले, जसं काही माइकला दिसणार होतं. ती ट्रायल रूममध्ये शिरताना तो म्हणाला, "टेप काढून ठेव, बटणांना घासतेय, आवाज येईल." तिने ती गळ्यातून काढली आणि त्याच्या हातात दिली.

पडदा ओढला. आम्ही दोघं बाहेर श्वास रोखून उभे. आतून आईचा नेहमीचा, कामाच्या गडबडीतला आवाज आला.

"माझी टेप बघितलीस का रे?"

रेकॉर्डिंग चालू असताना बाहेर कुणी ब्र काढायचा नाही, हा त्याचाच नियम. पण तो पडद्याला तोंड लावून म्हणाला, "हो आई. इथे आहे."

संध्याकाळी अल्बम गेला तो या उत्तरासकट.