चौथ्या मजल्यावरच्या तबकड्या

सर्बियातल्या झ्रेन्यानिन गावच्या आमच्या इमारतीत पहिल्यापासूनचे असे आम्ही तिघंच उरलो आहोत. मी दुसऱ्या मजल्यावर, माझ्या वर लायोश केरेकेश आणि त्याच्या वर, छपराखाली, विदोसावा पाव्कोव, आमची विदा. मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून ती दोघं मला अजूनही मास्तर म्हणतात. लायोश साखर कारखान्यात फोरमन होता, आणि निवृत्त झाला तरी जिन्यात भेटेल त्याला कामाला लावायची त्याची सवय सुटलेली नव्हती. विदा चौतीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढायची.

विदाला जॅझचं वेड कॉलेजपासूनचं. आमच्या तरुणपणी सगळे बस भरभरून इटलीतल्या ट्रिएस्टला जायचे ते जीन्स आणि कॉफी आणायला. ही तिथून गाण्यांच्या तबकड्या घेऊन यायची. एकदा सीमेवरच्या कस्टमवाल्यानं तिची पिशवी उलटीपालटी केली आणि जीन्स कुठं लपवल्यात म्हणून तिला तासभर थांबवून ठेवलं. कुणी फक्त गाण्यांसाठी एवढा प्रवास करेल हे त्याला पटेना. लग्न झालं, मुलगा झाला, नवरा सोडून गेला. तबकड्या मात्र वाढत गेल्या. दोनशे दहा झाल्या होत्या.

मग त्र्याण्णव साल आलं, युद्धाचं आणि निर्बंधांचं; पैशाची किंमत तासातासाला घसरत होती. सकाळी मिळालेल्या पगारात संध्याकाळी पावाची लादी येत नसे. विदाच्या मुलाला, ओग्न्येनला, दमा होता आणि औषधाच्या दुकानांत नुसत्या रिकाम्या फळ्या. बेलग्रेडमध्ये एका माणसाकडे हंगेरीतल्या सेगेडहून चोरून आणलेली औषधं मिळतात असं तिला कळलं. त्याला पैसे नको होते; त्या पैशांना अर्थच नव्हता. विदानं आगगाडीच्या तीन खेपा केल्या आणि दोनशे दहाच्या दोनशे दहा तबकड्या त्याला नेऊन दिल्या. वर्षभराची औषधं आणि पिठाचं एक पोतं घेऊन ती परत आली. पोतं वर चढवायला मीच हात लावला होता. ती रडली वगैरे नाही. तबकड्या वाजवायचं यंत्र तेवढं तिनं ठेवून घेतलं आणि त्यावर टेबलक्लॉथ पसरला. चौदा वर्षं त्या टेबलक्लॉथवर फुलदाणी होती.

ती फुलदाणी ओग्न्येननं उचलली. तो शिकला, ऑस्ट्रियात ग्राझला नोकरीला लागला आणि आईच्या वाढदिवसाला एक चौकोनी पुडकं घेऊन आला. त्याच दोनशे दहांपैकी एका तबकडीची नव्यानं काढलेली आवृत्ती होती ती: मूळ टेपवरून पुन्हा कोरलेली, जाडजूड, वजनदार. विदा आधी त्याच्यावर चिडलीच. गेलेलं गेलं, आता पुन्हा कशाला, म्हणाली. पण तो जेवत असताना तिनं ती लावली. मला नंतर तिनं सांगितलं ते असं, की जुन्या तबकडीत तिला पियानो ऐकू यायचा; या नव्या तबकडीत पियानो वाजवणारा स्वर लावण्याआधी श्वास घेतो तोही ऐकू आला. वीस वर्षं ऐकलेलं गाणं, आणि हा माणूस त्यात पहिल्यापासून श्वास घेत होता.

तेव्हापासून दर आठवड्याला एक. पेन्शनीत बसली तर दोन. जुन्या मूळ प्रतींच्या मागे ती कधी लागली नाही. त्या कुणाच्या तरी घरी आहेत, तिथं सुखात राहोत, म्हणायची. तिला नव्यानं काढलेल्याच हव्या असत, पण चांगल्या. कुणी कोरली, कोणत्या टेपवरून, भोक बरोबर मधोमध आहे का, सगळं तपासायची. नवी तबकडी आली की दिव्याखाली तिरकी धरून बघायची, हुबेहूब छातीचा एक्स-रे बघावा तशी. काठावर दोन तळवे आणि बोटं बाहेर. शुद्ध पाण्यानं धुवायची, आतल्या खरखरीत कागदाऐवजी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी घालायची, वर पारदर्शक कव्हर. रेडिएटरपासून लांब, उन्हापासून लांब, फळीवर ताठ उभ्या. आणि कुणी हात लावायचा नाही. ओग्न्येननंसुद्धा नाही. तबकड्या एकट्या सोडवत नाहीत म्हणून ती तीन दिवसांच्या वर घराबाहेर राहत नसे. ग्राझला नात झाली, ती चालायला लागली, तरी विदानं तिला फोनवरच पाहिलं होतं.

असं करत करत आठशेवीस झाल्या. आणि लायोशच्या छताला तडा गेला.

तडा बरोबर विदाच्या फळ्यांखाली होता. लायोशला तर निमित्तच हवं होतं. इतकी वर्षं तिच्या ढोल-तुताऱ्या डोक्यावर सहन केल्यात, आता त्या डोक्यावर पडायच्याच बाकी आहेत, असं तो दुकानात, पोस्टात, दिसेल त्याला सांगत सुटला. एक दिवस जिन्यात त्यानं तिला गाठलं.

"शेजारीणबाई, मी मेलो तर दाखल्यावर काय लिहितील? अंगावर जॅझ पडून?"

"तुमच्या छतात उंदीर असतील, शेजारी," विदा म्हणाली. "आणि मेलात तर मी फुलं आणीन."

तिनं हसून नेलं खरं, पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली. फळ्या काढा म्हणाले तर कुठं न्यायच्या? तळघर दमट. गच्चीवरची खोली उन्हात भट्टीसारखी तापते. ती मला दोनदा विचारून गेली, मास्तर, आठशे तबकड्यांचं वजन किती हो भरेल? आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिची एक तबकडी ठेवून हिशेब केला. पावणेतीनशे किलोच्या आसपास आलं. ती तबकडी छातीशी धरून वर गेली.

इमारतीच्या समितीनं शेवटी एका इंजिनिअर बाईंना बोलावलं. यास्ना नाव. ऑक्टोबरातला शनिवार होता. खाली अंगणात आयवारचा, लाल मिरच्यांच्या वर्षभराच्या चटणीचा, बेत चालला होता. तीन चुली पेटलेल्या, भाजलेल्या मिरच्यांचा धूर आणि अर्धी इमारत सालं काढत बसलेली. यास्नाबाईंनी लायोशचं छत ठोकून पाहिलं, मग वर जाऊन विदाच्या फळ्या पाहिल्या. लायोश त्यांच्या मागोमाग वर चढला. मीही गेलो.

"पावणेतीनशे किलो म्हणजे चार माणसं," यास्नाबाई म्हणाल्या. "चार पाहुणे जेवायला आले म्हणून मजला पडत नाही, आजोबा."

मग त्यांनी सर्वांत खालच्या फळीमागे हात घातला, आणि हात ओला निघाला.

छपरावरचं पाणी वाहून नेणारा नळ त्याच भिंतीतून खाली जातो. तो आतल्या आत फुटला होता. पाणी भिंतीत मुरत विदाच्या जमिनीखालून लायोशच्या छतात उतरत होतं. तडा वजनाचा नव्हता, पाण्याचा होता. फळ्या भिंतीला चिकटून होत्या म्हणून विदाला तो ओलावा दिसला नव्हता. खालच्या रांगेतलं एक कव्हर तिनं ओढून काढलं. पुठ्ठा फुगून मऊ झाला होता आणि त्यावर बुरशीचे काळे ठिपके होते. या गृहस्थानं तक्रार केली नसती तर वसंतापर्यंत अर्ध्या तबकड्या गेल्या असत्या, असं यास्नाबाईंनी सरळ सांगितलं. भिंत आजच मोकळी करा, पाऊस येतोय.

विदा जमिनीवर बसली. तिच्या हातात ते कव्हर होतं आणि ती ते पुसत होती, पुसून काही होणार नव्हतं तरी. इतक्या वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. कुठं नेऊ, एवढंच दोनदा म्हणाली.

लायोश दारात उभा होता. खाली बघत म्हणाला, "माझ्या मुलीची, एदितची, खोली रिकामी आहे. ती स्वीडनहून काही आता परत येत नाही. उत्तरेकडची आहे, कोरडी आहे. लोणच्याच्या बरण्या तेवढ्या हलवाव्या लागतील."

विदानं त्याच्याकडे पाहिलं. "हात लावायला लागेल सगळ्यांना," ती म्हणाली. त्याला नव्हे, स्वतःलाच.

"लागेल," तो म्हणाला.

ती उठली, खिडकीतून वाकली आणि अंगणातल्या बायकांना हाक मारली. आठ-दहा जण आले, कोपरापर्यंत तेलानं माखलेले, नखांत मिरच्यांची जळकी सालं. विदानं सगळ्यांना अंगणातल्या नळावर परत पाठवलं. भांड्यांच्या साबणानं दोनदा हात धुवायचे आणि तिला दाखवायचे. बेकरीवाली मिलेवा म्हणाली, लग्नात नवऱ्यानंसुद्धा माझे हात इतके निरखले नव्हते. पण धुतले सगळ्यांनी. मग चौथ्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत जिन्यात आम्ही पायरीपायरीवर उभे राहिलो आणि तबकड्या हातोहात खाली जाऊ लागल्या. एका वेळी दहा, ताठ उभ्या, छातीशी धरून. लायोश खाली मोजून लावून घेत होता आणि फोरमन असल्यासारखा ओरडत होता. त्या दिवशी कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. विदा पहिली शंभरेक वर दारात उभी राहून सूचना देत होती. नंतर तीही रांगेत येऊन उभी राहिली, माझ्या वरच्या पायरीवर.

दुपारी पाऊस आला तेव्हा वरच्या फळ्या रिकाम्या होत्या.

एकतीस कव्हरं कायमची गेली. आतल्या तबकड्या मात्र प्लास्टिकच्या पिशव्यांमुळे शाबूत होत्या. विदानं त्या एकेक धुऊन लायोशच्या भांड्यांच्या जाळीत वाळवल्या आणि कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यांत घातल्या. भिंत फोडून, नळ बदलून, सगळं सुकून रंग लागेपर्यंत सात आठवडे गेले. तेवढे दिवस तिला ऐकायचं तर लायोशकडेच, म्हणून यंत्रही खाली आलं. लायोश पहिल्या दिवशी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यानं पेपरामागून विचारलं, हा मोठा बास वाजवणारा कोण आहे?

आम्हाला विसरच पडला होता की साखर कारखान्याच्या तांबुरित्सा या तंतुवाद्यांच्या वृंदात लायोश बावीस वर्षं बास, म्हणजे खर्जाचं मोठं वाद्य, वाजवत होता. लग्नांत, बारशांत, मे दिनाच्या मिरवणुकांत.

एक दिवस विदानं तिची आवडती, नुकतीच आलेली एक तबकडी लावली. पहिली बाजू अर्धी झाली आणि लायोश अस्वस्थ होऊन उठला.

"थांबवा ते. हा माणूस बेसूर नाही. तुमची तबकडी लंगडतेय."

विदा हसली. मग तिनं सुईचा दांडा डोळ्यांच्या पातळीवर बघितला. तबकडी फिरताना तो केसाएवढा आत-बाहेर होत होता. भोक मधोमध नव्हतं. तिनं आधी तपासताना ते तिच्या नजरेतून सुटलं होतं. त्यानं मात्र ते कानांनी पकडलं. तिनं त्याच संध्याकाळी कंपनीला पत्र लिहून बदली प्रत मागितली, आणि पत्रात लिहिलं की हा दोष माझ्या सहकाऱ्याच्या लक्षात आला. ते सहकारी म्हणणं लायोशनं मला निदान चार वेळा सांगितलं.

भिंत झाल्यावर विदानं अर्ध्याच तबकड्या वर नेल्या. वजन वाटलेलं बरं, हे तिचं कारण. यास्नाबाईंनी तसं काही सांगितलं नव्हतं, पण मी कशाला बोलू? गुरुवारी तिसऱ्या मजल्यावर आता पाच-सहा जण जमतात. मिलेवा पोगाचा, तिचा घरगुती गोल पाव, घेऊन येते, तो संपेपर्यंत कुणी तबकड्यांच्या खोलीत जात नाही, आणि दाराशी साबणाची वडी ठेवलेली असते. कुणाला काय ऐकायचं यावरून भांडणं होतात. विदा आणि लायोशची सर्वांत जोरात. ती म्हणते तुम्हाला बासापलीकडे काही ऐकूच येत नाही, तो म्हणतो बासावाचून तुमची सगळी मंडळी घरी जाऊन झोपतील.

या एप्रिलात विदानं लायोशला आपल्या घराची किल्ली दिली आणि ग्राझला गेली. आठवडाभर म्हणून गेली होती. पहिल्या दिवशी तिचा फोन आला, खोलीतली हवा किती दमट आहे ते बघा. दुसऱ्या दिवशी आला, खिडकीचा पडदा ओढलाय ना? नंतर चार दिवस काहीच नाही. लायोश काळजीत पडून माझ्याकडे खाली आला आणि म्हणाला, मास्तर, तुम्हीच लावा फोन. मी लावला. मागून लहान मुलीच्या खिदळण्याचा आवाज येत होता. विदा घाईत होती. नातीला घेऊन बागेत निघालोय, म्हणाली, नंतर बोलते, आणि लायोशना सांगा, मी पुढच्या महिन्यात येईन.